पांढरी पाचमधली घरघर

व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर घरघरू लागला की मी मल्टिमीटरच्या आधी पेटी काढतो आणि पांढरी पाच दाबतो. आपल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात. तो स्वर पांढरी पाचच्या बराच खालच्या सप्तकात, किंचित चढा लागतो. घरघर तिथे असेल तर संशय फिलामेंटच्या वायरिंगवर किंवा अर्थिंगवर. त्याच स्वराच्या वरच्या सप्तकात, म्हणजे १०० आवर्तनांवर, जरा करकरीत असेल तर पॉवर सप्लायचे कंडेन्सर वाळलेत असं समजावं. रेक्टिफायर लाटेचा उलटा भागही सुलटा करतो, त्यामुळे एका आवर्तनात दोन उंचवटे येतात. ते सपाट करणं हे या कंडेन्सरचं काम. अमेरिकी पुस्तकांत ६० आणि १२० हे आकडे दिसतील, कारण तिथल्या विजेचा षड्जच वेगळा.

घरघर, खरखर, चरचर, सूं, कुईं. निदानाचा निम्मा कोश आपल्या भाषेत तयारच आहे.

हे शिकायला दोन यंत्रं उत्तम, खरं तर एकच. १९५० च्या दशकाअखेरचा फेंडरचा बासमन आणि पुढच्या दशकाच्या आरंभी लंडनच्या हॅनवेलमधल्या जिम मार्शलच्या दुकानासाठी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी जवळपास त्याच सर्किटवरून उभा केलेला जेटीएम४५. दोन्हींत सिग्नलच्या वाटेवर तीन छोटे आणि दोन मोठे व्हॉल्व्ह. सिग्नल पहिल्या छोट्यातून शिरतो, तिसऱ्यात त्याच्या दोन उलटसुलट प्रती होतात आणि त्या मोठ्यांकडे जातात.

आधी गिटारची वायर काढा. आवाज गेला, तर दोष बहुधा गिटारकडचा. सिंगल कॉइल पिकअप असेल तर गिटार घेऊन जागीच गोल फिरलं तरी घरघर कमीजास्त होते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकर पिकअप घडवला तो याच दुखण्यावर. आवाज गेला नाही, तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरीही राहिला, तर दोष त्या बटणाच्या पुढे. मग अ‍ॅम्प बंद करायचा, व्हॉल्व्ह निवू द्यायचे, पहिला छोटा काढायचा आणि पुन्हा चालू करून ऐकायचं. मग दुसरा, मग तिसरा. ज्याला काढल्यावर शांतता झाली, चोर त्याच्याच टप्प्यात. तिन्ही काढूनही घरघर कायम असेल तर मोठे व्हॉल्व्ह किंवा सप्लाय. जुन्या एसी-डीसी रेडिओत ही युक्ती चालत नसे. तिथे फिलामेंट एका माळेत असत, एक व्हॉल्व्ह काढला की सगळे विझत.

पहिल्या टप्प्यातला दोष सगळ्यांत त्रासाचा, कारण पुढचे सगळे त्याला मोठा करत जातात. गेल्या पावसाळ्यात एका मित्राच्या अ‍ॅम्पमधून कांदाभजी तळल्यासारखी चरचर येत होती. पेन्सिलीच्या लाकडी टोकाने व्हॉल्व्हवर टिचकी मारली. व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक असता तर स्पीकरमधून पातेल्यावर नख मारल्यासारखी ठण्ण उमटली असती. काही नाही. सॉकेट पुसला, व्हॉल्व्ह बदलला, भजी चालूच. शेवटी सापडला व्हॉल्व्हच्या प्लेटला जोडलेला १०० किलोओहमचा कार्बन रेझिस्टन्स. वरून अगदी नवाकोरा!

‘सूं’ मात्र पुरती जात नाही. कुठलाही रेझिस्टन्स निव्वळ स्वतःच्या उष्णतेने आवाज करतो, हे बेल लॅब्जच्या जॉन जॉन्सनने १९२० च्या दशकातच मोजून दाखवलं. ती पूर्ण घालवून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला अ‍ॅम्प देऊ नये.

चासीच्या आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर ते धरून बसतात. सवय नसेल तर आत हात घालू नका. आणखी एक. दोन यंत्रांच्या अर्थिंगचा फेरा झाला की घरघर येते आणि प्लगची अर्थ पिन काढली की ती थांबते, म्हणून ही पिन सर्रास काढली जाते. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झीत ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच गेला. घरघर राहिली तरी चालेल, ती पिन काढू नका.