पौर्णिमेनंतरचा रविवार

१९ एप्रिल २०१९, शुक्रवार. चैत्र पौर्णिमा, म्हणून हनुमान जयंती. आणि त्याच दिवशी गुड फ्रायडे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मारुतीच्या देवळांपुढे सकाळपासून रांगा होत्या, दुपारी भंडारे होते, आणि लोकसभेचं मतदान दहा दिवसांवर आल्यामुळे प्रचाराच्या रिक्षाही फिरत होत्या. याच शहरांतली काही माणसं त्या दुपारी उपाशीपोटी चर्चमध्ये बसली होती. त्यांच्या दुःखाचा तो दिवस होता, आणि शेजारच्या इमारतीला त्याची खबर नव्हती. दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, श्रीलंकेतल्या चर्च आणि हॉटेलांमधल्या स्फोटांची बातमी आली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. आज ईस्टर आहे, हे अनेकांना त्या बातमीमुळे कळलं.

सणाची चाहूल आपल्याला बाजार देतो. साखरेच्या गाठी टांगलेल्या दिसल्या की पाडवा आला, पिचकाऱ्या आल्या की होळी. नाताळसुद्धा स्टेशनबाहेर विकायला आलेल्या लाल टोप्यांनी आणि कागदी चांदण्यांनी कळतो. ईस्टरचं असं काही इथे विकायला येत नाही. वांद्र्याच्या बेकऱ्यांत मार्झिपानची अंडी मांडली जातात, गुड फ्रायडेला क्रुसाची खूण असलेले गोड पाव मिळतात. पण उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये किंवा बदलापूरच्या बाजारपेठेत त्या आठवड्यात माल असतो तो लग्नसराईचा आणि उन्हाळ्याचा.

हे दिवस लक्षात न येण्याचं इथे आणखी एक अगदी स्थानिक कारण आहे. डोंबिवली-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतींत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची असते. विजेचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून वेगवेगळ्या भागांत सुट्टीचे वार वाटून देण्याची जुनी पद्धत आहे, आणि आपल्या वाट्याला शुक्रवार आला. बारवी धरणाचं पाणी जिथे शुद्ध होतं त्या जांभूळच्या केंद्रात दुरुस्ती काढायची, तरी बहुतेक वेळा शुक्रवारच निवडला जातो. म्हणजे गुड फ्रायडेला कारखान्याचं फाटक बंद दिसलं, तर कामगाराला त्यात वेगळं काही वाटायचं कारण नाही. आणि ईस्टर नेहमीच रविवारी. सरकारी यादीत त्याला स्वतंत्र सुट्टी देण्याची गरजच पडत नाही. युरोपात अनेक देशांत त्यानंतरचा सोमवार सुट्टीचा असतो. महाराष्ट्रात तो कामाचा वार, नेहमीची लोकल, नेहमीची गर्दी.

त्यात हा काळ हिशेबाचा. २०२४चं उदाहरण घ्या. गुड फ्रायडे २९ मार्चला आला आणि ईस्टर ३१ मार्चला, म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी. सरकारी भरणा-देणी हाताळणाऱ्या बँक शाखा त्या रविवारी उघड्या ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. प्राप्तिकर कार्यालयंही शुक्रवार ते रविवार चालू होती. त्याच आठवड्यात मणिपूर सरकारने शनिवार आणि ईस्टरचा रविवार कामाचे दिवस म्हणून जाहीर केले, तेव्हा तिथे एवढा विरोध झाला की रविवारचा आदेश लगेच मागे घ्यावा लागला. आपल्याकडे ज्या ख्रिस्ती बँक कर्मचाऱ्यांना त्या रविवारी कामावर जावं लागलं, त्यांची आठवण कुणाला झाल्याचं मला ठाऊक नाही. प्रश्न संख्येचा आहे, हे खरं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे शंभरात एकाहूनही थोडी कमीच.

तरीही गुड फ्रायडेच्या सुट्टीचं कायद्यातलं स्थान फार जुनं आहे. धनादेश, हुंडी, वचनचिठ्ठी यांचा जो १८८१चा कायदा, त्याच्या पंचविसाव्या कलमात सार्वजनिक सुट्टीची व्याख्या करताना रविवार, नववर्षदिन आणि नाताळ यांच्यासोबत गुड फ्रायडेचं नावच छापलेलं होतं. १९५५च्या दुरुस्तीत रविवार सोडून ही नावं निघाली आणि रविवार व अधिसूचनेने जाहीर होईल तो दिवस सुट्टीचा, एवढंच उरलं. आज महाराष्ट्र शासन दरवर्षी याच कलमाखाली यादी काढते आणि गुड फ्रायडे त्यात असतो. कलमाचा व्यवहारातला अर्थ उल्हासनगरच्या जुन्या पेढ्यांना पाठ असणार, कारण सिंधी व्यापाऱ्यांची, विशेषतः शिकारपुरींची हुंडी एकेकाळी दूरवर चालायची: हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती आदल्या कामाच्या दिवशीच देय होते. गुड फ्रायडेला संपणारी हुंडी गुरुवारी चुकवायची.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत तर गुड फ्रायडे सक्तीच्या चौदा सुट्ट्यांमध्ये आहे. होळी, रामनवमी, गुढीपाडवा हे दिवस मात्र ज्या ऐच्छिक यादीतून तीन निवडायचे असतात, त्या यादीत येतात. अंबरनाथच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांना म्हणून हा दिवस निदान नावाने ठाऊक असतो. आणि ही सुट्टी कागदावर राहावी यासाठीही कधी कधी न्यायालयाचं दार ठोठावावं लागतं. २०१९मध्येच दादरा-नगर हवेलीच्या प्रशासनाने तिला सक्तीच्या यादीतून काढून ऐच्छिक केलं होतं. गुड फ्रायडेच्या काही दिवस आधी मुंबई उच्च न्यायालयाने ती परत राजपत्रित सुट्टी म्हणून द्यायला लावली.

आता तारखेकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गंमत आणि खरा दुवा तिथे आहे. ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलच्या शेवटाकडे येतो, त्यामुळे लक्षात राहत नाही, अशी तक्रार असते. पण तिथीवर चालणाऱ्या माणसाने ही तक्रार करू नये. इसवी सन ३२५मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने सगळ्या चर्चनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं, आणि त्यातून रुळलेला नियम असा: २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहायची, आणि तिच्यानंतरचा रविवार धरायचा. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नाही.

वसंतातल्या पौर्णिमा आपल्या ओळखीच्या आहेत: फाल्गुनातली होळीची, चैत्रातली हनुमान जयंतीची. तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयात होळी पाहा. ती २१ मार्चच्या आधी आली असेल, तर ईस्टर हनुमान जयंतीनंतरच्या रविवारी. होळी त्या तारखेला किंवा त्यानंतर असेल, तर लगेच पुढच्या रविवारी, पाडव्याच्याही आधी. २०२३मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि गुड फ्रायडे ७ला होता. २०२६मध्ये २ एप्रिलला हनुमान जयंती, ३ला गुड फ्रायडे, ५ला ईस्टर. २०२४मध्ये मात्र धुळवड २५ मार्चला आली आणि सहाच दिवसांनी ईस्टर, कारण आदल्या वर्षीच्या अधिक श्रावणाने आपले महिने पुढे सरकले होते. २०२७मध्येही अधिक ज्येष्ठानंतरचं वर्ष असल्याने तसंच: २२ मार्चला फाल्गुनातली पौर्णिमा, २८ला ईस्टर, पाडवा त्यानंतर ७ एप्रिलला. सीमेवरची होळी कधी फसवते. २०१९मध्ये आकाशातली पौर्णिमा २१ मार्चला सकाळी भरली, पण चर्चच्या जुन्या कोष्टकात ती २०लाच मोजली होती. एका दिवसाच्या फरकाने ईस्टर महिनाभर पुढे गेला, आणि त्यामुळेच तो मारुतीचा आणि क्रुसाचा शुक्रवार एक झाला.

सिंधी समाजालाही हाच चंद्र उपयोगी आहे. चेटीचंड म्हणजे चैत्र शुद्ध द्वितीया. उल्हासनगरात झूलेलालची मिरवणूक निघाली की तेरा दिवसांवर पौर्णिमा असते, आणि बऱ्याच वर्षी तिच्या मागोमाग ईस्टर.

ज्यांचा हा सण आहे त्यांना तो येताना दीड महिना आधीपासून जाणवत असतो. रोमन कॅथलिकांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. ईस्टरच्या आधी सेहेचाळीस दिवस. मधले रविवार वगळले की चाळीस उरतात. त्या बुधवारी ऑफिसात एखाद्या सहकाऱ्याच्या कपाळावर राखेची खूण दिसते, आणि ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. केरळचे सिरो-मलबार ख्रिस्ती दोन दिवस आधी, सोमवारीच सुरुवात करतात आणि त्याला पन्नास दिवसांचं व्रत म्हणतात. अनेक घरांत तेवढे दिवस मांस-मासे बंद. आपल्याकडे श्रावण पाळणाऱ्या घराला हे समजावून सांगावं लागू नये. उपवासकाळातल्या दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना होते, चौदा टप्प्यांची.

या तीन शहरांत ख्रिस्ती माणसं आली ती बहुतेक कामामागे. अंबरनाथची काडेपेटीची विमको, आयुध निर्माणी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, नंतर आलेली औद्योगिक वसाहत. रुग्णालयांतल्या परिचारिका, शाळांतल्या शिक्षिका. त्यात मल्याळी आहेत, तमिळ आहेत, आणि मराठीही. मराठी ख्रिस्ती म्हटलं की लोकांना वसई आठवते. पण अहमदनगरला १८३१मध्ये अमेरिकन मिशन आलं, १८९५मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि नगर-जालन्याकडची कितीतरी प्रोटेस्टंट कुटुंबं पुढे मुंबईच्या आसपास नोकरीला आली. त्यांच्या देवळांत गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना चालते आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक करून सात प्रवचनं होतात. ईस्टरला पहाटे, सूर्य उगवताना पुन्हा उपासना.

मल्याळी घरातला पवित्र गुरुवार तर शेजाऱ्याने पाहावा असा असतो. तांदूळ-उडदाच्या पिठाचा, न आंबवलेला अप्पम वाफवतात, त्यावर आदल्या रविवारी मिळालेल्या झावळीचा छोटा क्रूस ठेवतात, आणि घरातला वडीलधारा माणूस प्रार्थना म्हणून तो कापून सगळ्यांना देतो. सोबत नारळाचं दूध आणि गूळ यांचं पेय. शुक्रवारी एकवेळ पेज आणि कडधान्याची उसळ, काही चर्चमध्ये घोटभर कडू रस. मग शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवले जातात, बाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर ते वर्ष कोरलेली मोठी मेणबत्ती लावतात. या आठवड्याला ना ढोल ना फटाके. शेजाऱ्याला न कळण्याचं एक मोठं कारण हेही आहे.

आणि हे सगळं या मातीला नवं नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे की कल्याना नावाच्या बंदरात पर्शियातून नेमलेला बिशप असतो. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते आपलं कल्याण. ते बरोबर असेल, तर अंबरनाथचं शिवमंदिर १०६०मध्ये पूर्ण झालं त्याच्या पाचशे वर्षं आधी उल्हास नदीच्या खाडीकाठी ईस्टर पाळला जात होता. १९८८मध्ये मुंबई, पुणे, नाशिक भागातल्या सिरो-मलबार ख्रिस्तींसाठी रोमने नवा धर्मप्रांत केला, त्यालाही कल्याणचंच नाव मिळालं. ऑगस्ट २०२५मध्ये तो महाधर्मप्रांत झाला.

म्हणूनच दरवर्षी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘हॅप्पी गुड फ्रायडे’चे फुलांचे संदेश फिरू लागले की मला वाईट वाटतं. पाठवणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण तो येशूच्या मृत्यूचा दिवस आहे, त्या दिवशी आपला शेजारी सुतकासारख्या शांततेत असतो. मोहरमच्या दहाव्या दिवशी आपण शुभेच्छा देत नाही, तसंच हे. शुभेच्छा रविवारी द्याव्यात, मनापासून, आणि जमलं तर घरी जाऊन. शुक्रवारी ‘उपास आहे ना, संध्याकाळी काही आणून देऊ का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

लक्ष देण्याची खरी गरज पुढे लवकरच पडणार आहे. २०२८मध्ये ईस्टर १६ एप्रिलला आहे, म्हणजे गुड फ्रायडे १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी. १९९५, २००६ आणि २०१७मध्येही असंच झालं होतं. उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथ आणि बदलापुरात चौदा एप्रिल किती मोठा असतो हे सांगायला नको: मध्यरात्रीपासून अभिवादन, दिवसभर विहारांत कार्यक्रम, संध्याकाळी मिरवणुका. त्याच दुपारी तीनला चर्चमध्ये मौन असेल, आणि काही ठिकाणी क्रुसाची वाट रस्त्यावरून निघेल. मिरवणुकांचे मार्ग आणि वेळा पोलीस ठाण्यात आधी ठरतात. त्या बैठकीला जयंती मंडळांसोबत चर्चच्या माणसांनाही बोलावता येईल, आणि चर्चवरून जाताना दोन ते चार या वेळात आवाज खाली घ्यायचं आधीच ठरवता येईल. त्यासाठी २०२८चं कॅलेंडर छापून यायची वाट पाहायला नको.