खेळाडूचा बुडालेला रोज

अंगाला अंग भिडवून खेळल्या जाणाऱ्या खेळांत शरीर हेच खेळाडूचे भांडवल असते, आणि ते तिशी-पस्तिशीत ओसरू लागत असल्याने खेळताना आणि मैदान सोडल्यावर त्याने कशाच्या आधारे जगायचे, हा प्रश्न पदकाइतकाच मोलाचा ठरतो. उत्तर इंग्लंडमध्ये याच प्रश्नापायी एका खेळाची दोन शकले झाली. तेथील रग्बी खेळाडू प्रामुख्याने खाणींत व गिरण्यांत राबणारे कामगार होते आणि शनिवारी सामना खेळला की त्यांचा रोज बुडत असे. खेळासाठी पैसा घेणे निषिद्ध मानणाऱ्या ‘हौशी’ तत्त्वाच्या पुरस्कर्त्यांनी त्याची भरपाई नाकारली, तेव्हा तेथील क्लबांनी 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथे वेगळी संघटना स्थापून 6 शिलिंगांपर्यंतची भरपाई मान्य केली. तिच्यातूनच पुढे प्रत्येकी 13 खेळाडूंचा ‘रग्बी लीग’ हा खेळ आकाराला आला.

महाराष्ट्रात हाच प्रश्न खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या आयुष्यात दिसतो. 15 जानेवारी 1926 रोजी कराडजवळच्या गोळेश्वर येथे पैलवानाच्या घरी जन्मलेल्या खाशाबांनी 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे स्थान मिळवले. तोवर त्यांची कुस्ती मातीतली होती, तर ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची; पकड, पायांचा आधार आणि गुणांकनाचे नियम या साऱ्यांतच दोहोंत अंतर असल्याने हे स्थान विशेष ठरते. 1952 च्या हेलसिंकी स्पर्धेला जाण्यासाठी मात्र त्यांना दारोदार मदत मागावी लागली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंपुरतेच मर्यादित होते. पण हौसेचा हा नियम ज्यांच्या घरी सुबत्ता होती त्यांनाच परवडणारा होता. 57 किलो वजनगटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले, आणि वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारा स्वतंत्र भारताचा दुसरा खेळाडू, लिअँडर पेस, त्यानंतर 44 वर्षांनी, 1996 मध्ये पुढे आला.

परतल्यावर कराडकरांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांचा गौरव केला. खाशाबांनी मात्र कुस्त्यांचे फड भरवून आधी प्राचार्यांचे ऋण फेडले. 1955 मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि दीर्घ सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, 2000 सालासाठी मिळाला, आणि त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन ठरण्यास त्यानंतरही दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. ज्या माणसाला सन्मानाचे समाधान लाभायला हवे होते तो हयात असताना राष्ट्रीय पुरस्काराने त्याची दखल घेतली नाही, ही खंत या गौरवाने पुसली जात नाही.

गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात या इतिहासाचा अर्थ अधिक थेट आहे, कारण रोवणी आणि कापणीच्या हंगामात मजुरीवर चालणाऱ्या घरातील मुलाने कबड्डीच्या वा कुस्तीच्या सरावाला जायचे म्हणजे घरातला एक रोज सोडून द्यायचा असतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत राखलेल्या जागा. ही तरतूद मोलाची असली, तरी ती ठरावीक स्तरावरील स्पर्धांत यश मिळवलेल्यांनाच लागू होते आणि त्या स्तरापर्यंतचा प्रवास, खुराक व दुखापतीवरील उपचार यांचा भार कुटुंबावरच राहतो. म्हणूनच तालुका पातळीवरील सरावाच्या काळातच खुराकाचा खर्च, बुडालेल्या रोजाची भरपाई आणि दुखापतीचा विमा यांची सोय झाली, तर गुणी खेळाडूला कोणाचे घर गहाण पडण्याची वाट पाहावी लागणार नाही, आणि हेच खाशाबांचे खरे स्मरण होईल.