मांडवगडचा घाट आणि रेवाकाठच्या पायवाटा

सुटी लागली की माळव्यातील मराठी कुटुंबांची पावले सहसा दक्षिणेकडे वळतात. कुणी पुण्याच्या आप्तांकडे जातो, कुणी कोकणात, कुणी महाबळेश्वरी. मुलांना रायगड, सिंहगड दाखवावेत ही आईवडिलांची इच्छा रास्तच आहे. परंतु या प्रवासात मानपूरचा घाट उतरून गाडी खलघाटच्या पुलावर आली, की नर्मदामाईला हात जोडायचे, एखादे नाणे पात्रात टाकायचे आणि पुढे निघायचे, एवढाच आपला या खोऱ्याशी संबंध उरला आहे. आपले पूर्वज ज्या घाटवाटांनी वर चढून माळव्यात आले, त्या वाटा आपल्या घरापासून एका दिवसाच्या अंतरावर आहेत. पण आपल्या मुलांना त्या ठाऊक नाहीत.

धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांची ठेवण मोठी मौजेची आहे. दोघांचाही माथा माळव्याच्या पठारावर आणि पाय नर्मदेत! उत्तरेकडे काळीभोर सपाट जमीन, दक्षिणेकडे विंध्याचा कडा आणि त्याखाली निमाडचा उष्ण पट्टा. मांडवगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, तर खाली धरमपुरीला नदीचे पात्र दीडशे मीटरांच्या आसपास. या उतारावर जागोजागी ज्या खिंडी आहेत, त्यांनीच माळव्याचा इतिहास पुष्कळसा ठरविला.

एका घाटाने फिरविलेले पारडे

१७२८ च्या नोव्हेंबर महिन्यात चिमाजी अप्पांची फौज नर्मदा ओलांडून उत्तर तीरावर आली. मल्हारराव होळकर आणि उदाजी पवार त्यांच्यासमवेत होते. माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादुर याने धारच्या पश्चिमेस अमझेऱ्याच्या खिंडीजवळ तळ दिला होता. मांडवगड बळकट, तेव्हा मराठे तिकडून न येता अमझेऱ्यावरूनच चढणार, असा त्याचा हिशेब होता. मराठे मात्र मांडवगडच्याच घाटाने वर आले आणि २९ नोव्हेंबरला अमझेऱ्यावर चालून गेले. या लढाईत गिरिधर बहादुर मारला गेला. धारला आणि देवासला पवारांचा अंमल बसला, इंदूरला होळकर स्थिरावले आणि त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, शिलेदार, वैद्य अशी कितीतरी मराठी घराणी येथे आली. आज या भागात आपल्या घरी मराठी बोलली जाते, याचे मूळ शोधत गेल्यास ते त्या घाटातील दगडधोंड्यांपर्यंत जाऊन पोहोचते.

इतिहासाच्या पुस्तकात या प्रसंगाला दोन ओळी मिळतात. वर्गात तो शिकविताना मुलांच्या चेहऱ्यावर विशेष काही उमटत नाही, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव. पण तीच मुले मांडवगडच्या दक्षिण कड्यावर उभी केली आणि खाली बोट दाखविले, की प्रश्नांचा पाऊस पडतो. एवढ्या चढणीवर घोडी कशी आणली? तोफा होत्या का? पाणी कुठे मिळाले? शिक्षकाला याहून अधिक काय हवे असते?

मांडवगड पायी पाहावा

धारहून मांडवगड सुमारे ३५ किलोमीटर. काकडाखोह नावाची खोल दरी या डोंगराला पठारापासून अलग करते. बहुतेक प्रवासी मोटारीतून जहाजमहालाशी उतरतात, हुशंगशहाची संगमरवरी कबर पाहतात, रूपमती मंडपावर छायाचित्रे काढतात आणि सायंकाळी परततात. या इमारतींची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. मुंज आणि कपूर या दोन तलावांमधील जहाजमहाल पावसाळ्यात खरोखरच पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. हुशंगशहाची कबर पाहण्यासाठी शाहजहानचे शिल्पी येथे आल्याचा १६५९ चा लेख आजही तेथे आहे.

तरीही आमची विनंती अशी, की गावापासून रेवाकुंडापर्यंतची पाच-सहा किलोमीटरांची वाट पायी चालावी. वाटेत गोरखचिंचेचे प्रचंड बुंध्याचे वृक्ष भेटतात. मूळचा आफ्रिकेचा हा वृक्ष येथे इतका रुळला आहे, की त्याची आंबट फळे ‘मांडूची इमली’ म्हणून विकली जातात. रेवाकुंडाच्या काठी बाजबहादुराचा महाल आहे. त्यावरील लेख १५०९ चा, म्हणजे महाल बाजबहादुराच्या आधीचा. त्याच्याही वर कड्याच्या टोकाशी रूपमती मंडप. ही मुळात टेहळणीची जागा होती. रूपमती येथून नर्मदेचे दर्शन घेतल्यावाचून अन्न घेत नसे, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. हिवाळ्यातील स्वच्छ सकाळी दूर खाली रुपेरी रेघेसारखी नदी दिसते, तेव्हा प्रेमिकेची ओढ आणि पहारेकऱ्याची गरज एकाच जागी कशी नांदली असेल, हे ध्यानात येते.

ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी नैर्ऋत्येच्या तारापूर दरवाजापर्यंत जावे. तेथून जुनी वाट निमाडात उतरते. गावातील एखादा भिल्ल वाटाड्या सोबत घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि त्याचे ऐकावे. झाडपाल्याची त्याची माहिती आपल्या पुस्तकांहून पक्की असते.

बाघ : समुद्र, लेणी आणि अंडी

धारहून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर बाघची बौद्ध लेणी आहेत. बाघिनी नदीकाठच्या या लेण्यांतील भित्तिचित्रे अजिंठ्याच्या चित्रांची धाकटी बहीण शोभतील अशी. दगड ठिसूळ, पाझर सतत, त्यामुळे चित्रांची मोठी हानी झाली. १९२१ मध्ये नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांनी येथे राहून त्यांच्या प्रतिकृती केल्या, म्हणूनच त्या वैभवाची आपणांस काही कल्पना तरी येते. पुढे उरलेली चित्रे भिंतीवरून सोडवून जतन करावी लागली.

याच परिसरातील खडकांत सागरी शंखशिंपल्यांचे अवशेष सापडतात, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा येथवर शिरला होता. बाघ-कुक्षीच्या भागात डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आणखी एक वार्ता आली. पाडल्या गावचे लोक शेतात सापडलेले वाटोळे दगड ‘काकड भैरव’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजीत आले होते, ती डायनोसॉरची अंडी निघाली! यावर हसू नये. त्या श्रद्धेनेच ती अंडी फुटण्यापासून वाचविली.

देवासची टेकडी आणि तिच्या पलीकडे

देवास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती माताजींची टेकडी. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, लोकभाषेत बडी माता आणि छोटी माता. आता तेथे रोपवे झाला आहे. वृद्धांची त्याने सोय झाली, पण मुलांना पायऱ्यांनीच न्यावे. वरून शहर न्याहाळताना त्यांना सांगावे, की या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये १९४८ पर्यंत शेजारी नांदली. थोरल्या पातीच्या महाराजांकडे चिटणीस म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने त्या अनुभवांच्या पुस्तकाला या टेकडीचेच नाव दिले. तिच्याच पायथ्याशी कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली आणि आपले गाणे नव्याने घडविले.

देवास जिल्ह्याची दुसरी बाजू मात्र शहरातील मंडळींनाही फारशी परिचित नाही. बागलीच्या दक्षिणेस जंगलात कावडिया पहाड आहेत. षट्कोनी शिळास्तंभ कुणी रचून ठेवावेत तसे हे डोंगर आहेत आणि त्यांतील काही शिळांवर दगडाने टकटक केले असता धातूसारखा नाद उमटतो. मुंबईच्या अंधेरीतील गिल्बर्ट टेकडीही अशाच स्तंभांची. लाव्हारस थंड होऊन आकसताना असे स्तंभ तयार होतात. आणखी पूर्वेस, इंदूर-बैतूल मार्गावर नर्मदेच्या उत्तर तीरी नेमावर आहे. परमारकालीन सिद्धनाथाचे मंदिर, समोर हंडिया आणि मध्ये विस्तीर्ण पात्र. हे नर्मदेचे नाभिस्थान मानले जाते. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या नदीचा मध्य येथे आहे, अशी श्रद्धा. ‘कुण्या एकाची भ्रमणगाथा’ वाचलेल्या मराठी वाचकाला या घाटावर परिक्रमावासी भेटले, म्हणजे जुनी ओळख निघाल्यासारखे वाटते.

जे बुडाले आणि जे उरले

आम्ही हे आग्रहाने लिहीत आहोत याला एक कारण आहे. या खोऱ्यातील पुष्कळ काही आता पाहावयास मिळणार नाही. देवास जिल्ह्यातील धाराजी येथे नर्मदा खडकांवरून झेपावत असे आणि चैत्री अमावास्येला मोठी जत्रा भरे. ७ एप्रिल २००५ रोजी जत्रेच्या वेळी वरच्या धरणातून सोडलेले पाणी अकस्मात वाढले आणि अनेक यात्रेकरू वाहून गेले. पुढे ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयाने तो धबधबाच पोटात घेतला. धार जिल्ह्यात सरदार सरोवराचे पाणी २०१९ मध्ये १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीला पोहोचले आणि निसरपूरसारख्या नांदत्या गावाला जुनी जागा सोडावी लागली. परिक्रमेच्या जुन्या वाटांचेही तसेच झाले. धरणांनी वीज दिली, दूरवरच्या शेतांना पाणी दिले, हे खरे. पण ज्यांची घरे, देवळे आणि शेते गेली त्यांचे दुःखही तितकेच खरे. मुलांना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

म्हणून सहलीस जाणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. धरणांमुळे पाणी केव्हाही वाढते, तेव्हा स्थानिकांना विचारल्यावाचून पात्रात उतरू नये. श्रावण-भाद्रपदात मांडवगड हिरवागार असतो, पण धुक्यात आणि निसरड्या वाटांवर कड्याजवळ जाऊ नये. लांब चालण्यास मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. लेण्यांच्या भिंतींना हात लावू नये, जीवाश्म उचलून आणू नयेत आणि आपले नाव दगडावर कोरण्याचा मोह तर मुळीच नको. शिदोरीत दशम्या आणि चटणी असावी. परतताना मांडवगडची सीताफळे मिळाल्यास अवश्य घ्यावीत.

येत्या सुटीत महाराष्ट्रात जरूर जावे, गड-किल्ले पाहावेत. त्याआधीचा एक रविवार मात्र आपण आपल्या घाटासाठी राखून ठेवू. आजी-आजोबांनी आपले घराणे कुठून, कोणत्या वाटेने आले, हे ठाऊक असेल तेवढे नातवंडांना सांगावे आणि नातवंडांनी ते वहीत लिहून घ्यावे. वाटा पाण्याखाली जातात, तशा त्या स्मरणातूनही जातात. पाणी अडविणे आपल्या हाती नाही, पण स्मरण जपणे तरी आहे.