फुग्याची पहिली फुंकर

वाढदिवसाला तुमच्याकडे फुगे कोण फुगवतं? आमच्याकडे हे काम माझ्याच गळ्यात पडतं. पहिली फुंकर घालताना गाल दुखतात, कानात दडे बसतात आणि फुगा मात्र ढिम्म! एकदा जरासा फुगला की मग भराभर फुगतो. पण दम घ्यायला थांबलात आणि सगळी हवा निसटली, तर पुन्हा तीच कसरत. म्हणून आपण तोंड चिमटीत धरून थोडी हवा आत ठेवतो.

ती चिमूट लक्षात ठेवा हं. आता जाऊ रायपूरच्या एका रुग्णालयात.

छत्तीसगडमधला पहिला करोना रुग्ण मार्च 2020 मध्ये रायपुरातच सापडला. उपचार झाले तिथल्याच टाटीबंध भागातल्या ‘एम्स’ या सरकारी रुग्णालयात. हा विषाणू फुप्फुसात शिरला की करतो काय? आपल्या छातीत 30 कोटींहून जास्त इवले इवले फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. सूज आली की काहींत पाणी साचतं, काही मिटून जातात. मिटलेला फुगा दर श्वासाला पहिल्या फुंकरीपासून उघडायचा म्हणजे माणूस दमणारच!

मग लगेच घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा? कधी कधी लावावा लागतोही. पण त्याआधी नाकापाशी दोन बारीक नळ्या लावून मिनिटाला पाच-सहा लिटर प्राणवायू देतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर दुसरं यंत्र मिनिटाला 60 लिटरपर्यंत हवा सोडतं. एवढा झोत कोरडा सोडला तर नाकाचं काय होईल, हे रायपूरच्या मे महिन्यातली लू, म्हणजे कोरडा गरम वारा, सोसलेल्यांना विचारा! म्हणून ती हवा आधी दमट आणि अंगाइतकी, म्हणजे 37 अंशांपर्यंत कोमट करतात.

माझा लाडका मात्र सीपॅप. घट्ट मास्कमधून हे यंत्र सतत थोडा दाब देत राहतं, त्यामुळे श्वास सोडला तरी वायुकोश पुरते मिटत नाहीत. सापडली ना आपली चिमूट? झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1980 च्या सुमारास ही युक्ती वापरली, तीही चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावून!

एक उपाय तर फुकटचा. पालथं झोपायचं! बाळ पालथं पडलं की घरभर कौतुक होतं ना, तसं करोनाच्या वॉर्डात आजी-आजोबांचं व्हायचं. फुप्फुसांचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की तो दबतो, पालथं झालं की मोकळा होतो.

पण एवढा प्राणवायू यायचा कुठून? रायपूरजवळच भिलाईचा पोलाद कारखाना आहे. लोखंडातला जास्तीचा कार्बन जाळून टाकायला तिथे प्राणवायू लागतोच. तो मिळवतात साध्या हवेतून, तिला भयंकर थंड करून. उणे 183 अंशांना प्राणवायूचं फिकट निळं पाणी होतं. 2021 च्या करोना लाटेत भिलाईहून या द्रव प्राणवायूचे टँकर नागपूरलाही आले.

आता पाटी-पेन्सिल घ्या. एक लिटर द्रव प्राणवायूपासून सुमारे 850 लिटर वायू होतो. एखाद्या आजोबांना मिनिटाला 60 लिटर शुद्ध प्राणवायू लागत असेल, तर तो एक लिटर किती मिनिटं पुरेल? करा भागाकार!