पन्नास हेक्टरांची खानेसुमारी

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी गाटूनजवळ अडवली गेली आणि १९१४ च्या सुमारास एका जंगली टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर उरला. तेच बारो कोलोरादो बेट. सुमारे १,५६० हेक्टरांचा हा भूभाग १९२३ मध्ये अभ्यासासाठी राखून ठेवला गेला आणि १९४६ पासून तो स्मिथसोनियन संस्थेच्या ताब्यात आहे. अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील जीववैविध्य म्हटले की आपल्याला नव्या जातीचा शोध आठवतो, कुणीतरी प्रथमच पाहिलेले फुलपाखरू किंवा बेडूक आठवतो. त्या शोधांचे मोल आहेच. पण जंगल म्हणजे काय हे समजून घ्यायला या बेटाने सर्वांत अधिक मदत केली ती ओळखीचीच झाडे पुन्हा पुन्हा मोजून.

वनस्पतींचे अभ्यासक स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० मध्ये बेटावर पन्नास हेक्टरांचा एक तुकडा आखला: एक किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद, वीस-वीस मीटरच्या १,२५० चौकोनांत विभागलेला. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, ज्याची जाडी एक सेंटिमीटर भरेल असे प्रत्येक खोड नोंदवायचे. त्याला क्रमांकाचा बिल्ला, नकाशावर जागा, जातीचे नाव आणि जाडीचे माप. अशी दोन लाखांहून अधिक झाडे आणि सुमारे तीनशे जाती भरल्या. पहिली मोजणी १९८१ ते १९८३ या काळात झाली, दुसरी १९८५ मध्ये, आणि पुढे २०१५ पर्यंत दर पाच वर्षांनी एक. मेलेले झाड मेले म्हणून लिहायचे, नव्याने सेंटिमीटरभर झालेल्या रोपाला नवा बिल्ला द्यायचा. ऐकायला सोपे, करायला फार कठीण. ज्या झाडांना फळ्यांसारखी आधारमुळे फुटतात त्यांचे माप शिडी लावून त्या मुळांच्या वर घ्यावे लागते, आणि मुळे वर सरकली की मापाची जागाही सरकते. बोटाएवढ्या रोपाला फूल नसते, फळ नसते; पान, साल, वास आणि चीक यांवरून त्याची जात सांगावी लागते. या जंगलात वर्षानुवर्षे राबून ज्यांची नजर तयार झाली त्या माणसांवर ही सारी आकडेवारी उभी आहे, आणि माझ्या मते या यंत्रणेचा सर्वांत नाजूक भाग तीच नजर आहे.

ही नुसती कारकुनी नव्हे का, असे विचारले जाते. तिचे फलित पाहू. एकाच मातीत, एकाच पावसात तीनशे जाती नांदतातच कशा? सर्वांत जोमदार जातीने इतरांना हटवायला हवे होते. जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये उत्तर सुचवले: आईझाडाजवळ तिच्याच जातीची कीड आणि रोग साचतात, म्हणून तिथे तिची पिल्ले जगत नाहीत आणि जागा परक्यांना मिळते. कल्पना सुंदर होती, पण पुरावा दाट आकड्यांशिवाय मिळणार नव्हता. याच तुकड्यात १९८७ पासून दोनशे जाळ्यांत पडणारे बी दर आठवड्याला वेचले गेले, शेजारी उगवणारी रोपे मोजली गेली. २००० मध्ये निष्कर्ष छापून आला: तपासलेल्या सर्व ५३ जातींमध्ये बी जिथे दाट पडले तिथे त्या मानाने रोपे कमी टिकली. पुढच्याच वर्षी हबेल यांनी ग्रंथरूपाने जवळजवळ उलट बाजू मांडली. सर्व झाडे सारखीच धरली, तरी जन्ममृत्यूच्या निव्वळ योगायोगातून जातींचे असे प्रमाण उभे राहू शकते, असा त्यांचा सिद्धान्त. त्यांच्या टीकाकारांनी तो तपासला तोही बऱ्याच अंशी त्यांच्याच तुकड्यातल्या नोंदींवर. मांडणाऱ्याच्या मताला न बांधलेली नोंद कशी असते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

याच नोंदींत १९८३ चा कोरडा उन्हाळाही सापडला. एल निन्योच्या त्या वर्षी झाडांचे मरण वाढले. ओलावा लागणाऱ्या काही जाती पुढेही घटत राहिल्या. वरून पाहणाऱ्याला जंगल पूर्वीसारखेच हिरवे दिसत होते. एकदाच मोजणाऱ्याला हा बदल दिसला नसता. आधीचा आकडा हाती असल्याशिवाय घट हा शब्दच निरर्थक असतो.

एका बेटावरून साऱ्या उष्ण कटिबंधाविषयी बोलू नये, हा आक्षेप मात्र खरा आहे. पाण्याने तोडल्यामुळे तिथले कित्येक पक्षी नाहीसे झाले. बेट हे मुख्य भूमीचा आरसा नाही. पण यावर उपाय पद्धत सोडण्याचा नसून ती इतरत्र नेण्याचा आहे, आणि तो झाला. एक्वादोरच्या यासुनी जंगलात पंचवीस हेक्टरांतच अकराशेहून अधिक जाती निघाल्या. भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये तामिळनाडूतल्या मुदुमलाईत याच रीतीने पन्नास हेक्टर आखले. तिथल्या पानगळीच्या, हत्तींच्या आणि वणव्यांच्या जंगलात जाती सत्तरच्या आसपास. माप एकच असल्यामुळेच हा फरक बोलू लागतो.

झाडे मोजली म्हणजे जीवसृष्टी मोजली, असेही नाही. पनामातच कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी एकाच जातीच्या एकोणीस झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडून सुमारे बाराशे जातींचे भुंगेरे खाली पाडले आणि १९८२ मध्ये उष्ण कटिबंधात संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात असा अंदाज केला. नंतरचे अंदाज त्याहून पुष्कळ खाली आले. पनामातल्याच सान लोरेन्सोच्या जंगलात जमिनीपासून शेंड्यापर्यंत केलेल्या शोधात अर्ध्या हेक्टरहूनही कमी जागेत ६,१४४ जाती मिळाल्या, आणि सहा हजार हेक्टरांच्या त्या साऱ्या जंगलासाठी अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास बसला. तिथेही कोणत्या किड्याचा कोणत्या झाडाशी संबंध, हे सांगायला झाडांची जात आधी नक्की करावी लागते.

उरतो पैशाचा आणि वेळेचा प्रश्न. जंगले झपाट्याने तुटत असताना खोडांच्या मापावर दशके घालवावीत का? राखलेले जंगल खरोखर टिकते आहे की आतून बदलते आहे, हे सांगणारे साधन हेच आहे. बारो कोलोरादोवरच महावेलींची संख्या वाढत असल्याचे लक्षात आले, आणि वेली वाढल्या की झाडांची वाढ आणि खोडांत साठणारा कार्बन दोन्ही घटतात. शिवाय चाळीस वर्षे आपल्याला फार वाटतात ती आपल्या आयुष्याच्या मापाने. दाट सावलीतली कित्येक रोपे वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाहीत. वर एखादे जुने झाड कोसळून उजेड पडेपर्यंत ती तशीच तग धरतात, आणि बिल्ल्यावरचा क्रमांक वाचायला दर वेळी कुणालातरी गुडघे टेकून खाली वाकावे लागते.