गळती की चोक?

दरवर्षी 16 सप्टेंबरला जागतिक ओझोन दिन साजरा होतो. 1987 साली याच तारखेला माँट्रियल करारावर सह्या झाल्या. त्या दिवशीच्या भाषणांत शास्त्रज्ञांचे आभार मानले जातात, सरकारांचे मानले जातात, तंत्र बदलणाऱ्या कारखान्यांचेही मानले जातात. ओझोनचा थर खाणारा कूलर-फ्रीझरमधला गॅस ज्यांच्या हातून रोज जात होता, त्या दुरुस्तीवाल्या मेकॅनिकचे नाव क्वचितच निघते. कोल्ड्रिंकच्या दुकानातला बॉटल कूलर, डेअरीतला डीप फ्रीझर, केकवाल्याचा काचेचा शोकेस यांतला गॅस नळीत राहणार की हवेत जाणार, हे शेवटी त्याच्या निदानावर ठरते. आणि गेल्या काही वर्षांत नेमके हे निदानच हरवत चालले आहे.

आज कूलर थंड करेनासा झाला की दुरुस्तीला आलेला मुलगा कंप्रेसरकडे परतणाऱ्या सक्शन नळीला गेज लावतो. काटा खाली दिसला की ‘गॅस गेलाय’ म्हणतो, गॅस भरतो, पैसे घेतो आणि निघतो. गळती कुठे आहे, हे त्याने पाहिलेले नसते. मुळात गळती आहे की कॅपिलरीची बारीक नळी चोक होऊन तुंबली आहे, हा प्रश्नही त्याला पडलेला नसतो. दोन महिन्यांनी तोच कूलर, तीच तक्रार आणि पुन्हा तेवढेच बिल.

एकेकाळी ‘गळती की चोक?’ हा या धंद्यातला पहिला प्रश्न होता.

सत्तर-ऐंशीच्या दशकांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सगळीकडे आर-12 गॅस, खनिज तेल आणि तांब्याच्या नळ्या. पुष्कळ दुकानांत बाटल्या बर्फाच्या पेटीतच पडलेल्या असत. खरी गर्दी झाली ती नव्वदच्या दशकात. 1990 मध्ये पेप्सी बाजारात आली, 1977 साली देश सोडून गेलेली कोका-कोला ऑक्टोबर 1993 मध्ये परतली आणि कंपन्यांनी दिलेले, दर्शनी काचेचे कूलर पानटपरीपासून एसटी स्टँडवरच्या उपाहारगृहापर्यंत जाऊन बसले. रस्त्याची धूळ, चढउतार होणारे व्होल्टेज, दर मिनिटाला उघडणारे दार, मे महिन्याचे ऊन. एवढ्या छळानंतर गॅसचा प्रश्न उभा राहणारच होता.

त्या दहा-बारा वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांतून मेकॅनिकांची जी पिढी तयार झाली, तिच्या कामाची पद्धत नोंदवून ठेवायला हवी.

गळती आणि चोक, दोन्हींत सक्शनचा काटा खालीच जातो. म्हणून जाणता मेकॅनिक आधी गेज लावतच नसे. तो कंडेन्सरवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवी. सगळा कंडेन्सर जेमतेम कोमट, आतल्या थंड कॉइलच्या पहिल्या एक-दोन वळणांवरच बर्फ आणि पुढची कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी. कंडेन्सरची वरची वळणे गरम, पण खालची खोलीइतकीच थंड असतील, तर द्रव गॅस तिथे साठून राहिला आहे, पुढे जायला त्याला वाट नाही. ओलावा टिपणाऱ्या ड्रायरच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला घाम दिसला, तर अडथळा ड्रायरमध्येच. क्लॅम्प मीटरचा उपयोग इथे बेताचाच, कारण दोन्ही बिघाडांत कंप्रेसर नेहमीपेक्षा कमी करंट घेतो.

मग तो कूलर बंद करी आणि कान लावी. कॅपिलरी मोकळी असेल तर बंद केल्यावर सुस्कारा ऐकू येतो आणि काही मिनिटांत दोन्ही बाजूंचे दाब एकमेकांना येऊन मिळतात. चोक असेल तर आवाज नाही आणि दाब जुळायला बराच वेळ लागतो. तरीही शंका राहिली तर थोडासा गॅस आत सोडून पाहायचा. कंडेन्सरच्या बाजूचा दाब उसळला आणि सक्शनचा काटा जागचा हलला नाही, की पुढे गॅस भरायचे काम नाही. नळी कापायची.

चोकचेही दोन प्रकार. कूलर तासभर छान चालतो, मग सक्शन व्हॅक्यूममध्ये जाते, बंद ठेवून सुरू केला की पुन्हा चालतो. हा पाण्याचा चोक. आत राहिलेला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो. त्या जागी गरम पाण्याचे फडके धरले आणि सुळसुळ आवाज परतला, की निदान पक्के. त्यावर इलाज म्हणजे ड्रायर बदलणे आणि नीट व्हॅक्यूम करणे. मेण, काजळी किंवा तेलाचा गाळ अडकला असेल तर मात्र कोणत्याही गरम फडक्याने तो सुटत नाही.

गळती शोधायची पद्धतही ठरलेली होती. जिथे तेलाचा डाग, तिथे आधी पाहायचे. फ्लेअर नटाखाली, ब्रेझिंगच्या सांध्यावर, थरथरणारी कॅपिलरी पत्र्याला घासते त्या ठिकाणी. फ्रीझर असेल तर दुकानदाराने बर्फ खरवडायला पेचकस वापरला होता का, हेही विचारायचे. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावायचा. शेवटी हॅलाइड टॉर्च. तिची निळी ज्योत तांब्याच्या तापलेल्या पत्रीवर खेळत असे, हवा ओढणारी रबरी नळी सांध्यापाशी नेली आणि आर-12 निसटत असला की ज्योत हिरवी होई. त्या ज्योतीतून फॉस्जीनसारखा विषारी वायूही निघे. मेकॅनिक तो वर्षानुवर्षे श्वासावाटे घेत राहिले आणि त्याची दखल कुणीच घेतली नाही.

त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकता येणार नाही. नळी उघडताना उरलेला आर-12 सर्रास हवेत सोडला जाई. ओझोनला खाणारा क्लोरीन त्यातच होता. तो गॅस जायलाच हवा होता.

पण तो ज्या रीतीने गेला, त्याचा हिशेब अजून बाकी आहे. भारत 1992 मध्ये माँट्रियल करारात सामील झाला. नव्वदचे दशक संपता संपता आर-12ऐवजी आर-134ए भरलेले कूलर दुकानांत येऊ लागले. ओझोनविषयक नियम जुलै 2000 मध्ये लागू झाले. प्रशिक्षणाचे सरकारी आणि परदेशी मदतीचे कार्यक्रमही निघाले, ते चांगलेच होते, पण तालुक्याच्या गावी यंत्र आधी पोहोचले आणि शिकवणी फार मागाहून. आर-134एमध्ये क्लोरीनच नसल्यामुळे टॉर्चची ज्योत हिरवी होईना. हातातले साधन एका हंगामात निकामी झाले आणि इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर परवडणारा नव्हता.

त्याहून मोठा घोळ तेलाचा. आर-134ए खनिज तेलात मिसळत नाही. त्याला पॉलिएस्टर तेल लागते आणि ते तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषते. ड्रायरही वेगळा लागतो. जुना, टाकून दिलेला कंप्रेसर व्हॅक्यूम पंप म्हणून वापरणाऱ्यांचे काम आर-12वर कसेबसे निभावत होते, इथे ते अंगाशी येऊ लागले. जुन्या मशीनमध्ये नवा गॅस भरला की तेल कॉइलमध्येच साचून राही. जुन्या तेलाचे आणि क्लोरीनचे अंश नव्या तेलाशी भिडले की गाळ होई आणि तो जाऊन बसे कॅपिलरीत. चोकच्या तक्रारी वाढल्या आणि ‘मेकॅनिक अडाणी’ असा शिक्का बसला. हा शिक्का अन्यायाचा होता. बदल ठरवणाऱ्यांनी तेल, ड्रायर, पंप आणि शिक्षण यांची सोय मशीनबरोबर केली नाही. दोष त्यांचा होता.

पुढची वर्षे भरभर सरली. भारतात आर-12सारख्या सीएफसी वायूंचे उत्पादन ऑगस्ट 2008 मध्ये थांबले. त्या काळात महाराष्ट्र भारनियमनात होरपळत होता आणि जळालेले कंप्रेसर बदलण्याचे काम इतके होते, की गळती शोधत बसायला कुणाला उसंत नव्हती. ‘भरून टाक’ ही सवय तेव्हाच रुजली.

आता आर-600ए आणि आर-290 हे ज्वालाग्राही गॅस आले आहेत. वातावरणासाठी ही चांगली गोष्ट आहे. आर-134ए पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडच्या 1400 पटींहून अधिक तापवतो, हे गॅस त्या मानाने नगण्य. पण जुन्या सवयी इथे थेट दगा देतात. आर-600ए उणे 12 अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे उणे 20 अंशांवर चालणाऱ्या निरोगी फ्रीझरचे सक्शनही व्हॅक्यूममध्येच असते. काटा शून्याखाली पाहून चोक ठरवणारा इथे फसतो. सक्शनच्या बाजूला छिद्र असेल तर चालू मशीनमधून गॅस बाहेर येत नाही, बाहेरची दमट हवाच आत ओढली जाते. आर-290च्या छोट्या कूलरमध्ये भरण्याची मर्यादा बराच काळ 150 ग्रॅम होती. एवढ्याशा वजनात 10 ग्रॅमची चूकही मोठी, म्हणून काटा पाहून अंदाजाने भरणे बंद करून वजनकाट्यावर भरायला हवे. आणि गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय ब्रेझिंगची टॉर्च पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ.

त्यात बऱ्याच नव्या मशीनांचे सांधे आणि कंडेन्सरच्या नळ्या फोमच्या भिंतीत गाडलेल्या. गळती तिथे असली की हाताला, कानाला, साबणाला काहीच लागत नाही. चालू कंप्रेसर आणि शाबूत कपाट भंगारात जाते, आणि हा तोटा कोणत्याही ऊर्जाबचतीच्या स्टिकरवर लिहिलेला नसतो.

केंद्राच्या मार्च 2019च्या शीतकरण आराखड्यात 2022-23 पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारतात आर-134एसारख्या एचएफसी वायूंचा वापर 2028 पासून गोठवायचा आणि 2032 पासून कमी करत न्यायचा आहे. प्रमाणपत्रे वाटली जातील. त्याबरोबर दुकानदारानेही एक आग्रह धरायला हवा. ‘गॅस चार्जिंग’ एवढेच लिहिलेले बिल त्याने घेऊ नये. गळती कुठे सापडली किंवा चोक कशाचा होता, नायट्रोजन किती दाबाने किती वेळ धरला, गॅस कोणता आणि किती ग्रॅम भरला, या तीन ओळी बिलावर मागाव्यात. तिन्ही ओळी लिहू शकणाऱ्या मेकॅनिकला त्याच्या मेहनतीचे पैसे, दोन तास जास्त लागले तरी, घासाघीस न करता द्यावेत.