डोंगरातल्या ताटात डोंगरातले किती?

खास प्रतिनिधी

घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव ओलांडून पुढे सरकला, की दुतर्फा जवळपास एकाच मजकुराचे फलक दिसू लागतात. ‘घरगुती जेवण’, ‘चुलीवरची भाकरी’, ‘गावरान कोंबडी’, ‘गरमागरम पिठलं-भाकरी’. मेअखेरीस सुरू होणारा काजव्यांचा हंगाम आणि त्यामागोमाग येणारे धबधब्यांचे शनिवार-रविवार या काळात मुंबई, नाशिक, पुण्याच्या गाड्या या फलकांपाशी थांबतात. ओसरीत सतरंजी अंथरली जाते, धुराचा वास असलेली भाकरी ताटात पडते आणि शेतातले अन्न थेट ताटात आल्याच्या समाधानात पाहुणे परततात.

हे समाधान खोटे नाही. पण ते पुरेसे तपासलेलेही नसते. ताटातले पिठले ज्या हरभऱ्याचे, तो हरभरा या डोंगरात फारसा पिकत नाही. भाकरी ज्वारीची असेल, तर ती ज्वारी घाटमाथ्याखालच्या, पूर्वेकडच्या देशावरून आलेली असते. तेल पिशवीतले, कांदा-बटाटा बाजारातला. मग शेतातून ताटात नेमके काय आले, हा प्रश्न शिल्लक राहतो.

‘शेतातून थेट ताटात’ ही कल्पना पाश्चात्त्य शहरांतील उपाहारगृहांनी लोकप्रिय केली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अॅलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये सुरू केलेले ‘शे पानीस’ हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण. आपल्याकडे ती कृषी पर्यटनाच्या वाटेने आली. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ मध्ये पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा पथदर्शी प्रयोग केला. पाठोपाठ २००६ च्या सुमारास अकोले तालुक्यातील पुरुषवाडी या आदिवासी गावात ‘ग्रासरूट्स’ या संस्थेच्या साह्याने पाहुण्यांना गावकऱ्यांच्या घरी जेवू घालणारे ग्रामपर्यटन सुरू झाले. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरणही जाहीर केले. मात्र बारामतीच्या पठारावरील शेत आणि कळसूबाईच्या कुशीतले शेत यांत मोठा फरक आहे, आणि ताटाचा सगळा गुंता त्या फरकात दडलेला आहे.

अकोले तालुका हा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा पश्चिम टोकाचा डोंगरी भाग. राज्यातील सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, याच्याच सीमेवर उभे आहे. घाटघर, रतनवाडी, साम्रद या गावांवर पाऊस अक्षरशः कोसळतो. तेथून पूर्वेला अकोले शहराकडे येताना तो झपाट्याने ओसरतो. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात हे पाणी साठते आणि प्रवरेवाटे खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाला जाते. जलाशयाच्या काठावरील गावांची बहुतांश शेती मात्र आजही पावसावरच अवलंबून आहे. परिणामी येथे खरिपाचे एक पीक हाती लागते. ओलावा टिकेल तेथे थोडा वाल किंवा अन्य कडधान्य होते, एवढेच.

त्या एका पिकात खाचरांत भात, उतारावर नागली व वरई आणि हलक्या वरकस जमिनीत खुरासणी. बांधाला थोडे उडीद, हुलगे. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचे रोजचे जेवण याच यादीतून उभे राहिले आहे. नागलीची भाकरी, भात, उडदाचे किंवा हुलग्याचे कालवण, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात रानभाज्या, आणि घाट चढून आलेले सुके मासे. यात पिठले नाही, पनीर तर नाहीच. पाहुण्यांना मात्र ‘गावाकडचे जेवण’ म्हटले की देशावरचे झुणका-भाकर आणि ठेचा आठवतो. फलक लिहिणारा गिऱ्हाइकाला कळेल तेच लिहितो. येथील घराघरांत शिजणारे अन्न त्या फलकावर येतच नाही, कारण ते कुणी मागत नाही.

गावरान कोंबडीचे प्रकरणही असेच. खरी देशी कोंबडी सावकाश वाढते. खाण्याजोगी व्हायला तिला पाच-सहा महिने तरी लागतात आणि तरीही वजन जेमतेम सव्वा-दीड किलो. एखाद्या शनिवारी चाळीस पाहुणे आले, तर एका घराच्या खुराड्यातून त्यांची सोय होणे शक्य नाही. त्यामुळे रंगीत पिसांच्या, परसात वाढवण्यासाठी विकसित केलेल्या गिरिराजा किंवा वनराजा जातीच्या कोंबड्या बाजारातून येतात आणि ‘गावरान’ म्हणून ताटात जातात. यात फसवणुकीपेक्षा गणिताचा भाग अधिक आहे.

रिकामी कणगी आणि भरलेली ओसरी

खरी विसंगती वेळापत्रकाची आहे. भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात राब भाजला जातो, पाऊस पडताच पेरणी होते आणि जुलैत आवणी. हीच भाताची पुनर्लावणी. गुडघाभर चिखलात, वाकून, दिवसभर. नागलीचीही रोपेच लावतात. पीक हाती येते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सोंगणीनंतर. म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घरातले धान्य सर्वांत कमी आणि शेतातले काम सर्वांत जास्त असते. पर्यटकांची मोठी लाट नेमकी याच काळात येते. घरातली बाई आवणीला जाईल की चुलीपाशी बसेल, हा प्रश्न त्या घरापुढे दर रविवारी असतो. तिने चूल निवडली, तर शेतात मजूर लावावा लागतो. कणगीत शिल्लक राहिलेली नागली वर्षाच्या पोटासाठी असते. ती पाहुण्यांना वाढली, तर श्रावणानंतर घरासाठी विकत आणावी लागते. बाजारचे पीठ पाहुण्याच्या ताटात जाते ते बहुधा यामुळे.

याच दिवसांत डोंगरात खरोखर ताजे आणि फुकटचे असे एकच अन्न असते, ते म्हणजे रानभाज्या. पहिल्या सरींबरोबर शेवळ उगवते. घशाला खाज आणणारी ही भाजी चिंच किंवा काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवावी लागते. मग कुरडू, टाकळा, फोडशी, चाई येतात. भारंगीची पाने कडू, म्हणून उकडून पाणी फेकून देतात. जुलै-ऑगस्टमध्ये करटुली. कोणती भाजी कोवळी असताना खुडायची, कोणती किती वेळा उकळायची हे ज्ञान प्रामुख्याने बायकांकडे आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्यात डोंगरातले जेवण म्हणून अस्सल काही मिळण्याची शक्यता असेल, तर ती या भाज्यांत आहे. अर्थात, त्यासाठी आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो. ऐनवेळी गाडीतून उतरून मागितली, तर बटाट्याची भाजीच मिळणार.

उलट नोव्हेंबरपासून नवा तांदूळ, नवी नागली, खुरासणी, सारे घरात आलेले असते. तेव्हा जलाशयाच्या काठावर तंबूंचा हंगाम सुरू होतो. तेथील ठरलेल्या जेवणात निखाऱ्यावरचे पनीर आणि कोंबडीचे तुकडे असतात, सकाळी पोहे. हाकेच्या अंतरावर खळ्यात मळणी चाललेली असते.

बत्तीस-तेहतीस किलोंचा हिशेब

अशा जेवणामुळे नागली, वरईसारखी मागे पडलेली पिके पुन्हा उभी राहतील, असे अनेकदा लिहिले-बोलले जाते. ते आकड्यांवर घासून पाहावे. एक किलो नागलीच्या पिठाच्या साधारण बारा भाकऱ्या होतात. समजा, एका घरी हंगामात २०० पाहुणे जेवले आणि प्रत्येकाने दोन भाकऱ्या खाल्ल्या, तर लागणारी नागली ३३ किलो. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या खरिपासाठी नागलीला जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये आहे. त्या दराने ३३ किलोंची किंमत होते सुमारे १६०० रुपये. ताट अडीचशे रुपयांचे धरले, तर त्याच २०० पाहुण्यांकडून येणारी रक्कम ५० हजार. तांदळाचे आणखी वीसेक किलो धरले, तरी चित्र फारसे बदलत नाही.

याचे दोन अर्थ निघतात. पहिला, या धंद्यात पैसा आहे तो धान्याचा नाही. तो पाणी भरणाऱ्या, सरपण आणणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या हातांचा आहे. म्हणूनच रस्त्याकडेचे जेवणघर ज्याच्या मालकीचे, त्याला शेत असो वा नसो, फायदा होतो. दूरच्या पाड्यावर उतारावर नागली लावणाऱ्याला त्या फायद्याची झळही पोहोचत नाही. दुसरा अर्थ असा, की केवळ जेवणावळींनी कोणतेही पीक वाचत नाही. तेच २०० पाहुणे जाताना दोन-दोन किलो नागली घेऊन गेले, तर खप ४०० किलो होतो. जेवण ही त्या धान्याची ओळख करून देण्याची जागा ठरू शकते. विक्री पिशवीतच होणार.

पण पिशवीपर्यंत पोहोचण्याआधी गिरणी लागते, आणि तेथे डोंगरी धान्य अडते. नागली दळणे सोपे. वरईचे टरफल काढणे कठीण. घरी उखळात कांडण्याचे ते कष्ट आता नकोसे झाले आहेत. त्यामुळे वरई कच्ची विकली जाते, नाशिकच्या भगर गिरण्यांत जाते आणि उपवासाच्या पाकिटातून पांढरी होऊन दुकानात येते. ज्या उतारावर ती पिकली, तेथील पाहुणाही ती कोणत्या गावची हे न जाणताच विकत घेतो. सुवासिक जुन्या भातांचे दुखणे वेगळे. काळभातासारखे वाण चवीला आणि वासाला श्रेष्ठ. टरफल काळे, आतला दाणा पांढरा. मात्र ते गरवे, उशिरा तयार होणारे, उंच वाढून लोळणारे आणि उताऱ्याला कमी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा १९८७ मधील ‘इंद्रायणी’ वाण वासाचा आहे आणि उताराही बरा देतो. तेव्हा शेतकरी इंद्रायणीकडे वळला तर त्याला दोष देता येत नाही. पर्यटक विकत नेतो तोही बहुधा इंद्रायणीच, आणि तो तांदूळ उत्तमच आहे. फक्त त्याला ‘पारंपरिक’ म्हणू नये.

जुने वाण टिकवण्याचे काम या तालुक्यात झाले आहे, पण ते जेवणघरांनी केलेले नाही. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातच बियाणे जपले. ‘बाएफ’ या संस्थेच्या सहकार्याने त्यांची बियाणे बँक उभी राहिली. २०१८ मध्ये ‘बीबीसी’च्या जगभरातील शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे आहे, पिकवणारे हात आहेत. त्या धान्याला नियमित आणि बरा भाव देणारे गिऱ्हाईक तेवढे तुरळक आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा नागलीच्या कॅल्शियमची (१०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास) चर्चा शहरांत बरीच झाली. बिस्किटेही निघाली. बिस्किटाच्या पुड्यावर गावाचे नाव नसते.

या बाबतीत इटलीचा दाखला उपयोगी आहे. तेथे शेतघरी पाहुणे ठेवण्याच्या व्यवसायासाठी १९८५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि २००६ मध्ये तो नव्याने करण्यात आला. पाहुणचार शेतीला जोडलेला असावा आणि शेतीच प्रमुख राहावी, ही त्याची मूळ अट. जेवणात स्वतःच्या शेतातील व परिसरातील मालाचा लक्षणीय वाटा हवा. तो किती, याचे नियम प्रांतांनी करायचे. त्यामुळे आल्प्सच्या कुशीतील शेतघरात पाटी लावायची, तर गोठा आणि शेत लागतेच. आपल्याकडे ‘घरगुती’ आणि ‘गावरान’ हे शब्द कुणीही फलकावर लिहू शकतो. इटलीसारखी टक्केवारी येथे लगोलग आणली, तर जेमतेम एक एकर उतार कसणारे कुटुंबच आधी बाद होईल, हा धोका आहे. त्यापेक्षा ताटाची दोन रूपे उघडपणे सांगणे सोपे: आजच्या भाकरीचे धान्य घरचे की बाजारचे. घरचे असेल, तर भाव थोडा जास्त.

पुरुषवाडीच्या पद्धतीत या दिशेने जाणारी एक गोष्ट आहे. पाहुणे एकाच जेवणघरात न बसता वेगवेगळ्या घरी जेवतात, तेही आधी कळवून आलेले असतात. चुलीचा भार आणि पैसा, दोन्ही वाटले जातात. आवणीच्या दिवसांत एकाच बाईवर चाळीस ताटे पडत नाहीत. रस्त्याकडेच्या घरांना हे जमण्यासारखे आहे का, याचे उत्तर पाहुण्यांच्या सवयीवरही अवलंबून आहे. दोन दिवस आधी दूरध्वनी करून ‘जे घरात असेल ते चालेल, पण घरचे असू द्या’ एवढे सांगितले, तर ताटात नागलीची भाकरी, उडदाचे कालवण आणि खुरासणीची चटणी येण्याची शक्यता बरीच वाढते. भाकरी काळपट असते, चटणी किंचित कडवट. आणि निघताना नागली विकत मागितली, तर नोव्हेंबरनंतर ती बहुधा मिळते. जुलैत मिळाली नाही, तर मागचे कारण आवणीपर्यंत उतरत गेलेली कणगी हे असते.